महबूबचाचांची भेग

महबूबचाचा माझ्या दुकानात कधी बसायचे नाहीत. मी स्टूल पुढं केलं की त्यावर हात टेकायचे, "बसतो की," म्हणायचे आणि उभेच राहायचे. चहा मागवला तर अर्धा कप पिऊन दारात जायचे, टेकडीकडं बघायचे, परत आत यायचे. तोवर उरलेल्या चहावर साय धरलेली असायची. माझं झेरॉक्सचं दुकान जेमतेम दहा बाय आठ. त्यात मशीन, कॉम्प्युटर, मी, आणि येरझाऱ्या घालणारे हे साठी उलटलेले गृहस्थ. मला चिडायला मुळात फार लागत नाही. "चाचा, आत तरी या, नाहीतर बाहेर तरी थांबा," मी म्हणायची. ते हसायचे आणि पुन्हा दारात जायचे.

दुपारचे दोन वाजत आले की मात्र ते खाली वाकायचे आणि फरशीवर उजवा पंजा टेकवायचे. टेकडीवरच्या खाणीचा भोंगा वाजायचा, मग स्फोट व्हायचा. शटर थरथरायचं, मशीनमधला कागद तिरका जायचा. चाचा पंजा उचलून आकडा सांगायचे.

"आठ होल. त्यातला एक दुपटीनं भरलाय येड्यांनी."

ही काही भविष्यवाणी नव्हती. चाचांची उमर सुरुंग लावण्यात गेली. इकडं राहू, तिकडं वरवंड, नदीपलीकडं वडगाव रासाई, एवढ्या टापूतल्या दीडएकशे विहिरी त्यांच्या हातानं फुटल्या. पहारीनं कातळाला भोक पाडायचं, त्यात दारूचा तोटा बसवायचा, वात सोडायची, सगळ्या माणसांना वर पाठवायचं, "सुरुंगऽऽ हाय" अशी तीनदा आरोळी द्यायची आणि बत्ती लावून स्वतः शेवटी वर यायचं. वर आल्यावर बार मोजायचे. अकरा लावले आणि दहाच वाजले तर त्या दिवशी कुणी खाली उतरायचं नाही. त्या मोजण्याची सवय अशी अंगात मुरली की लालबीचाचींनी फोडणी दिली तरी हा माणूस मोहरीचे दाणे मोजत असेल, असं मी चिडवायची.

आमच्या वाडीची पिण्याच्या पाण्याची विहीर हे त्यांचं स्वतःच्या नावावरचं पहिलं काम. साल पंच्याऐंशी. हे काम शिकवणारे उस्ताद नुकतेच वारले होते आणि पंचविशीच्या महबूबनं ठेका अंगावर घेतला होता. ही विहीर कुठं घ्यायची यावर ग्रामपंचायतीत सहा महिने भांडणं झाली, आणि शेवटी ती गाव आणि आमची बौद्धवस्ती यांच्या मधोमध ठरली. माझ्या आईनं, सारजाबाईनं, त्या विहिरीचा दगड डोक्यावरून वाहिला. जुन्या आडावर आमच्या बायकांना कुणीतरी पाणी वाढेपर्यंत कडेला उभं राहावं लागायचं. ह्या विहिरीत आईनं स्वतःच्या हातानं पोहरा सोडला. ती गेली त्याला नऊ वर्षं झाली, पण ती गोष्ट ती शेवटपर्यंत तारीखवार सांगायची. म्हणून त्या विहिरीबद्दल कुणी वाकडं बोललं की माझं डोकं फिरतं. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढं मी जे वागले ते त्यामुळंच.

पाणी लागलं त्या दिवशी तेव्हाच्या सरपंचांनी, म्हणजे आमच्या गावच्या आक्काबाईच्या मालकांनी, भर गावात महबूबला फेटा बांधला. गुलाबी, जरीच्या काठाचा. गवंड्याला मिळतो, सुताराला मिळतो, सुरुंगवाल्याला फेटा मिळाल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. पण चाचांनी तो पुन्हा कधी डोक्यावर चढवला नाही. घरची लग्नं झाली, उरूस झाले, फेटा ट्रंकेतच राहिला. आम्हाला वाटायचं, माणूस लाजतो.

आता खाणीचं. टेकडीच्या पलीकडच्या अंगाला ती पंधरा वर्षं आहे. आधी लहान होती, धूळ उडायची, डंपर जायचे, गाव कुरकुरायचं आणि सोसायचं. दोन वर्षांपूर्वी मालक बदलला आणि मोठे बार सुरू झाले. कांद्याच्या पातीवर पिठासारखी पांढरी धूळ बसायला लागली, भिंतींना तडे गेले. मग कळलं की खाण आणखी पाच हेक्टर वाढणार आणि टेकडीच्या अलीकडच्या अंगाला, म्हणजे विहिरीच्या दिशेला येणार. त्याच उन्हाळ्यात विहिरीचं पाणी दोन पुरुष, म्हणजे दहा-बारा फूट खाली गेलं आणि पश्चिमेच्या भिंतीत वरूनही दिसतील अशा भेगा पडल्या.

आक्काबाईनं गाव गोळा केलं. पंचाहत्तरीची बाई, पण आवाज असा की ट्रॅक्टर बंद करावा लागतो. "खाण हिकडं आली तर हिर गेली. हिर गेली तर ह्या वाडीत ऱ्हायचं कशाला?" हरकतीचा अर्ज लिहायचं काम माझ्याकडं आलं. मी तो मन लावून लिहिला. त्यात एक वाक्य घातलं, आणि घातल्यावर माझी मलाच शाबासकी दिली: "खाण सुरू होण्यापूर्वी सदर विहिरीस एकही भेग नव्हती." त्याखाली दोनशे अकरा सह्या झाल्या. पहिली सही विहीर फोडणाऱ्याची हवी, असं सगळ्यांनी ठरवलं. चाचा चौथी शिकलेले. त्यांनी ओळीवर बोट ठेवून सगळा अर्ज वाचला, त्या वाक्यापाशी बोट थांबलं, बराच वेळ थांबलं. मागं रांग होती. आक्काबाई म्हणाली, "महबूब, कर की बाबा लवकर." त्यांनी सही केली.

त्या दिवसापासून त्यांच्या चकरा वाढल्या.

"नीलम, ती एक वळ काढता यील का?"

"कुठली?"

"भेगंची."

"चाचा, अर्ज तहसीलला गेलाय. आणि तीच तर जोरदार ओळ आहे."

"व्हय, व्हय," म्हणून ते जायचे. दुसऱ्या दिवशी परत हजर. असं तीन आठवडे चाललं. मी एकदा टायपिंग सोडून त्यांच्यासमोर उभी राहिले. "आज तुम्ही सांगितल्याशिवाय दुकानातून जायचं नाही."

ते दारात टेकडीकडं तोंड करून उभे राहिले आणि पाठमोऱ्यानंच सांगितलं.

पंच्याऐंशी सालचा रमजान चालू होता. जूनचं ऊन, चाळीस फुटांवर काळा पाषाण, आणि हा माणूस रोजा धरून, घशाला कोरड पडलेली असताना दुसऱ्यांसाठी पाणी शोधत होता. ईद दोन दिवसांवर आली होती. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. लालबी घरी वाट बघत होती. लवकर उरकावं म्हणून पश्चिमेच्या एका भोकात त्यांनी दुप्पट तोटे भरले. पाणी लागलं खरं, पण भिंत चिरली. हाताची बोटं जातील एवढी, दीड पुरुष लांब भेग.

"मग?"

"मग शिमिट भरलं. वर चिखल फासला. वर यीऊन म्हनलं, पानी लागलं. लोकांनी फेटा बांधला."

मी खाली बसले. ते उभेच होते.

"उस्ताद सांगायचे, भेग पडली तर भिऊ नको, ती चालती का थांबती ते बघ. भेगंवर आडवी काच बसवायची. भेग हलली तर काच तुटती. माझ्यापाशी काच कुठनं असनार? घरी आलो, लालबीच्या लग्नातल्या पाच हिरव्या बांगड्या घेतल्या. एकेकीचा अर्धा तुकडा भेगंवर आडवा धरून दोन्ही टोकं शिमिटात पुरली. पाच ठिकानी. दर उन्हाळ्याला गाळ काढायला उतरायचो ते बांगड्या बघायलाच. छत्तीस वर्षं, पोरी, एक सुदीक तुटली न्हाई. भेग जागच्या जागी हाय."

"आणि आता?"

"दोन वर्षं झाली, गुडघ्यांनी दगा दिला. उतरलोच न्हाई."

मग आपल्याला काय करायचं ते मला लख्ख दिसलं, आणि आज त्याची लाज वाटते. मी शटर अर्धं खाली ओढलं आणि त्यांना सांगितलं, "चाचा, हे कुणाला म्हणजे कुणालाही सांगायचं नाही. अडतीस वर्षं गप्प होतात ना, आणखी अडतीस दिवस गप्प बसा. खाणवाल्यांना हे कळलं तर ते सगळ्याच भेगा तुमच्या नावावर घालतील. विहीर जाईल."

"पन सही खोटी हाय माझी."

"सही माझ्या वाक्यावर आहे. पाप माझं."

"वाक्य तुझं, भेग माझी," ते म्हणाले आणि गेले.

त्यानंतर त्यांची तगमग बघवेना. दुकानात यायचे, दारातूनच जायचे. विहिरीवर जायचे, कठड्यावरून वाकून बघायचे. पण भेग खोल, उजेड पोचत नाही. मशिदीत जायचे, लगेच परत फिरायचे. लालबीचाची एकदा माझ्याकडं आल्या. "नीलम, ह्यांला कुनी काय बोललं का गं? ताटावरनं उठत्यात. आंथरुनात बसून ऱ्हात्यात." मी म्हटलं, उन्हाचा त्रास असेल. खोटं बोलायला एकदा सुरुवात झाली की पुढचं सोपं जातं.

मला खरी भीती वेगळीच होती आणि ती त्यांनाही असणार. समजा त्यांनी कबूल केलं, उतरून बघितलं आणि बांगड्या धडधाकट निघाल्या तर? म्हणजे भेग हललेलीच नाही. म्हणजे खाणीनं काही केलेलं नाही. म्हणजे आम्हीच खोटे. पाच बांगड्यांवर गावाचं पाणी टांगलेलं, आणि त्या चाळीस फूट खाली अंधारात.

स्थळपाहणीचा दिवस उजाडला. सर्कल मॅडम आल्या, म्हणजे मंडल अधिकारी, सोबत मोजणीचा एक माणूस. खाणीचा मॅनेजर पांढऱ्या गाडीतून उतरला. सगळं गाव विहिरीवर. आणि चाचा काखेत गुलाबी फेटा घेऊन आले. मला वाटलं, आज तरी घालणार.

मॅनेजर तयारीनं आला होता. त्यानं मोठी बॅटरी पश्चिमेच्या भिंतीवर मारली. "मॅडम, हे बघा. ह्या भेगेत पिंपळाची मुळी आहे, मनगटाएवढी. ही काय दोन वर्षांत आली? आणि यांच्या अर्जात काय लिहिलंय? एकही भेग नव्हती. अर्जच खोटा आहे. विहीर पहिल्यापासून चिरकी आहे."

मॅडमनी अर्ज उघडून माझं ते वाक्य वाचलं आणि विचारलं, "हे कुणी लिहिलं?"

मी तोंड उघडायच्या आत चाचा पुढं आले. फेटा त्यांनी आक्काबाईपुढं कठड्यावर ठेवला. "आक्का, हा तुमचा. माझा न्हवता." मग मॅडमकडं वळले. "साहेब, ती भेग माझी हाय. पंच्याऐंशी सालची. मीच पाडली आन् मीच लपवली."

मागनं कुणीतरी म्हणालं, "आरं तिच्या मायला!" मॅनेजरच्या चेहऱ्यावर ईद उगवली. "लिहून घ्या मॅडम, लिहून घ्या. विहीर फोडणाऱ्यानंच कबुली दिली."

"ल्ह्या की," चाचा म्हणाले. "पन अर्धं लिहू नका. मला खाली उतरू द्या, मग फुडचं ल्ह्या."

वाडीतल्या विहीरवाल्या दत्ताची यारी विहिरीवर उभीच होती, दगड वर काढायची ती क्रेन. दत्ता नको नको म्हणत होता. चाचा बकेटात उभे राहिले, कमरेला दोर बांधला, हातात बॅटरी. मोजणीवाला मोबाईलवर शूटिंग करायला त्यांच्याबरोबर उतरला. दोर सुटत गेला आणि मी कठड्याला धरून उभी राहिले. मनात एकच चाललं होतं, की तुटलेल्या असू देत. दुसऱ्याच्या लग्नाच्या बांगड्या तुटलेल्या निघाव्यात म्हणून देवाला नाही तर निदान दगडाला तरी विनवत होते मी.

मग खालून चाचांचा आवाज आला. आरोळीच होती ती, सुरुंगाची असावी तशी.

"पाचीच्या पाची तुटल्याऽऽ!"

मोजणीवाल्यानं वर येऊन चित्र दाखवलं. दोन्ही टोकांना जुनं काळं सिमेंट, त्यात हिरव्या काचेची टोकं, आणि मधे फट. काचेच्या तुटलेल्या कडा कोऱ्या चमकत होत्या. टोकांवर मात्र अडतीस वर्षांचं शेवाळ होतं.

लालबीचाची गर्दीतून पुढं घुसल्या. मोबाईल डोळ्याजवळ धरला. "ह्या माझ्या हिरव्या बांगड्या?" गर्दी, मॅडम, खाण, काही त्यांना दिसेना. "मला सांगितलं बहिणीनं नेल्या म्हनून! आजपातूर मी नणंदंशी धड बोलले न्हाई!" चाचा बकेटातून बाहेर पाय टाकत होते, तो पाय तसाच राहिला. त्या घडीलासुद्धा लोक हसले. मी पण.

मॅनेजर हसला नाही. "कशावरून आत्ताच खाली जाऊन फोडल्या नसतील? कुणी पाहिलंय?"

"मी शूटिंग केलंय," मोजणीवाला म्हणाला.

"मग गाळ काढताना फुटल्या असतील. काच आहे, फुटते."

चाचा त्याच्यासमोर जाऊन उभे राहिले. मी त्यांना इतकं स्थिर कधीच पाहिलं नव्हतं. "बराबर हाय तुमचं. लालबी, हातातली एक दे." चाचींनी त्यांच्याकडं रोखून बघितलं, मग मनगटातली एक बांगडी काढून दिली. "ही सांगून घेतोय," चाचा म्हणाले आणि मॅडमकडं वळले. "साहेब, ही मी खाली जाऊन तुमच्यासमोर भेगंवर बसवतो. दोन वाजत आल्यात. यांनी रोजच्यासारखे बार करावं. रोज आठ करत्यात, आठच करावं. बांगडी शाबूत ऱ्हायली तर खान वाढवायच्या कागदावर पहिली सही माझी."

आक्काबाई ओरडली, "महबूब, डोस्कं फिरलं का तुझं?"

सगळे मॅनेजरकडं बघायला लागले. त्यानं घड्याळ बघितलं, टेकडी बघितली. "आज काम बंद आहे."

"का?" मॅडमनी विचारलं. "रोज दोनला असतो ना स्फोट? तुमच्याच कागदात वेळ आहे."

"आज माणसं नाहीत. माल भरलेला नाही."

"मग उद्या करा. मी येते उद्या."

"उद्याचं वरिष्ठांना विचारावं लागेल, मॅडम. असं बांगडीसाठी स्फोट करता येत नाही."

"रोज करत व्हता की," दत्ता यारीवरून म्हणाला. "आमच्या हिरीसाठी."

मॅडम कठड्यावर कागद ठेवून लिहीत राहिल्या. पंचनाम्यात त्यांनी चाचांची कबुली लिहिली, पाच तुटलेल्या बांगड्या लिहिल्या, आणि शेवटी लिहिलं की पाहणीवेळी खाणचालकांनी नेहमीचा स्फोट करून दाखवण्यास असमर्थता दर्शवली. आम्हाला एवढ्या साध्या वाक्यानं भरून आलं.

फेटा अजून कठड्यावरच होता. गाडी गेल्यावर चाचा आक्काबाईसमोर मान खाली घालून उभे राहिले. गावातली दोन-चार माणसं कुजबुजत होती. अडतीस वर्षं फसवलं, असंही कुणी म्हणालं, आणि ते खोटं नव्हतं. आक्काबाईनं फेटा उचलला, झटकला.

"हिरीनं पानी दिलं का न्हाई रं?"

"दिलं."

"मग फेटा पान्याचा हाय, भेगंचा न्हाई. घरी घिऊन जा. आन् महबूब, भेग पडली तर गावाला सांगायचं असतं. गाव काय खातंय व्हय तुला?"

चाचांनी फेटा छातीशी धरला आणि तिथंच रडले. विहिरीवर, भर दुपारी, सगळ्यांसमोर.

मी त्याच संध्याकाळी अर्ज नव्यानं टाईप केला. ते वाक्य काढलं. त्याजागी लिहिलं: "सदर विहिरीस १९८५ पासून एक भेग होती. ती महबूब यांच्या सुरुंगामुळे पडली होती व छत्तीस वर्षे स्थिर होती. मागील दोन वर्षांत ती हलली आहे." दुसऱ्या दिवशी चाचा आले. ओळीवर बोट फिरवत वाचलं. "माझं नाव जरा लहान अक्षरात घ्यायचं व्हतं," म्हणाले. मग सही केली, आणि स्टूल ओढून बसले. चहा आला तो सगळा प्याले. मी बघतच राहिले.

खाणवाढीचा निकाल अजून लागलेला नाही. फाईल पुण्याला आहे म्हणतात. खाण नऊ दिवस गप्प होती. रोज दोनला चाचा फरशीवर पंजा टेकवायचे आणि काही नाही म्हणून उचलायचे. पण ती शांतता त्यांना मानवली नाही, रोज जास्तच लवकर येऊन वाकायचे. लालबीचाचींची ती बांगडी चाचांनी पाहणीच्याच दिवशी मॅडमसमोर भेगेवर बसवली होती, तिला बघायला मॅडमचा माणूस दर बुधवारी येणार होता.

दहाव्या दिवशी भोंगा वाजला. चाचा स्टुलावरून उठले आणि खाली वाकले. शटर थरथरलं. मशीनमधला कागद तिरका गेला.

"सहा," ते म्हणाले. "घाबरत घाबरत भरल्यात."

ते विहिरीकडं चालायला लागले, गुडघा ओढत. मी अर्धी निघालेली झेरॉक्स तशीच ठेवली, दत्ताला फोन करून यारी चालू करायला सांगितली, शटर खाली ओढलं आणि त्यांच्यामागून निघाले. ह्या वेळी खाली मी उतरणार होते.